हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

गेल्या दिवाळींत आम्ही एका परिचित गृहस्थांचे घरीं फराळास गेलों होतों. गृहस्थ सुविद्य आहेत, बँकेंत चांगल्या हुद्द्यावर आहेत, आणि सार्वजनिक कामाची वर्गणी मागावयास गेलेल्या माणसाला त्यांनीं विन्मुख पाठविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाची बुद्धिबळांत चांगली गति आहे, व आम्हांसहि या खेळाचा जुना नाद असल्यामुळें बोलणें साहजिकच त्या विषयावर आलें. चिरंजीव सध्यां काय अभ्यासितात, असें आम्हीं विचारलें. तेव्हां गृहस्थांनीं खिशांतून मोबाईल काढून एका परदेशी ग्रँडमास्टरनें तयार केलेला, डावाच्या सुरुवातींवरील एक संपूर्ण अभ्यासक्रम आम्हांस दाखविला. व्याख्यानांचे व्हिडिओ, चालींवरील टिपणें, उजळणीचे प्रश्न, सर्व कांहीं त्यांत होतें. तो मुलाच्या शिकवणीच्या वर्गांतील एका पालकानें विकत घेतला होता. आणि त्याचा परवलीचा शब्द, म्हणजे आजच्या भाषेंत पासवर्ड, वर्गांतील चोवीस मुलांच्या आईबापांना व्हॉट्सअ‍ॅपवरून वाटण्यांत आला होता. ज्या अगत्यानें त्यांनीं नुकतीच चकल्यांची बशी पुढें केली होती त्याच अगत्यानें ते म्हणाले, "सर, तुम्हांलाहि पाठवून देऊं का?"

आम्हीं नको म्हटलें. कां नको, यावर जी वादावादी झाली ती रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. तींत त्यांनीं जीं जीं समर्थनें पुढें केलीं तीं तीं त्यानंतर आम्हांस इतक्या निरनिराळ्या सुशिक्षित तोंडांतून ऐकावीं लागलीं आहेत कीं, त्यांचा एकदां नीट समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटूं लागलें आहे. विषय बुद्धिबळाचा म्हणून वाचकांनीं तो क्षुल्लक समजूं नये. २०२५ च्या जुलैंत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हांपासून आमच्या ओळखीच्या घरांत बुद्धिबळाचा पट नाहीं असें घर विरळा. आणि जेथें पट आहे तेथें बहुधा असा एक वाटून घेतलेला पासवर्डहि आहे.

पहिलें समर्थन असें कीं, ज्ञान कोणाच्या मालकीचें नसतें. यांत अर्धें सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्याचा आम्हांस मनापासून आदर आहे. बुद्धिबळाच्या चाली कोणाच्या मालकीच्या नाहींत. २०१६ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें कार्लसन व कार्याकिन यांच्यांत जगज्जेतेपदाचा सामना व्हावयाचा होता. आमच्या परवानगीवांचून इतर संकेतस्थळांनीं या सामन्याच्या चाली प्रसृत करूं नयेत, असा मनाईहुकूम संयोजकांनीं तेथील न्यायालयाकडे मागितला. न्यायमूर्ति मॅरेरो यांनीं तो दिला नाहीं. खेळली गेलेली चाल ही एक घडलेली गोष्ट आहे. पाऊस पडला हें सांगण्याचा मक्ता जसा कोणास देतां येत नाहीं तसा तिचाहि देतां येत नाहीं. आणि आज या खेळांत जें फुकट आहे तें किती आहे! लिचेस नांवाचें संकेतस्थळ तिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणानें २०१० सालीं सुरू केलें. तें जाहिराती घेत नाहीं, पैसे मागत नाहीं, आणि त्यावर खेळले गेलेले डाव कोणासहि उतरवून घेऊं देतें. जगांतल्या कोणत्याहि माणसास सहज हरवील असा स्टॉकफिश हा संगणकी खेळाडू कोणाच्याहि फोनवर विनामूल्य येतो. आमच्या तरुणपणीं मॉस्कोच्या एखाद्या ग्रँडमास्टरच्याहि स्वप्नांत आलें नसतें असें भांडार आज तालुक्याच्या गांवच्या मुलापुढें उघडें पडलें आहे. तेव्हां ज्ञानाला कुलूप लावलें आहे ही ओरड निदान या खेळापुरती तरी खरी नाहीं.

मग कुलूप कशाला आहे? एक उदाहरण देतों. २००० सालीं लंडन येथें क्रामनिकनें कास्पारॉव्हकडून जगज्जेतेपद हिरावून घेतलें. पंधरा डावांच्या त्या सामन्यांत कास्पारॉव्हला एकहि डाव जिंकतां आला नाहीं, आणि त्याचें एक मोठें कारण बर्लिन बचाव हें होतें. या बचावांत आठव्या चालीलाच दोन्ही वजीर मारामारींत जातात, काळा राजा पटाच्या मध्यावर उघडा पडतो आणि त्याचा किल्लेकोट करण्याचा हक्क कायमचा बुडतो. स्टॉकफिशला विचारा, पांढऱ्याची बाजू किंचित् सरस, एवढें तो एका आंकड्यांत सांगेल आणि गप्प बसेल. पण मग काळा हरत कां नाहीं? वजीर गेल्यावर मध्यावरचा राजा हा ओझें न राहतां लढणारें मोहरें कसा होतो. पांढऱ्याचें पुढें सरकलेलें प्यादें त्याचें बळ दिसत असतांनाच मागच्या घरांना कसें पोरकें करतें. काळ्याचे दोन उंट आज बांधलेले दिसले तरी तीस चालींनंतर ते काय करणार आहेत. कोणतें प्यादें कधीं हलवूं नये, आणि घाईनें हलविल्यास काय होतें, हें आंकडा सांगत नाहीं. तें माणूस सांगतो. त्यासाठीं तो महिनेच्या महिने पटापुढें बसतो, शेंकडों डाव चाळतो, स्वतः खेळून हरतो, यंत्राच्या दहा सूचनांपैकीं माणसाला पेलतील अशा दोन निवडतो व बाकीच्या आठ कां टाकल्या हें समजावतो. कुलूप या समजावण्याला आहे. आमच्या गृहस्थांनीं वाटलें तें ज्ञान नव्हे. तें एका माणसाचें अध्यापन होतें. आम्ही तीस वर्षें शिकविण्याचाच धंदा केला असल्यामुळें या दोहोंतील फरक आम्हांस जरा अधिक झोंबतो, हें कबूल करतों.

दुसरें समर्थन विद्यादानाचें. तें ऐकतांना माणसें डोळे किंचित् मिटून घेतात, असा आमचा अनुभव आहे. विद्या हें धन खर्च केल्यानें वाढतें, असें सुभाषितकार सांगून गेले. तेव्हां पासवर्ड देणें हें पुण्यच! पण सुभाषितकारांनीं सांगितलें तें ज्याचें धन त्याला सांगितलें. ज्या ग्रँडमास्टरनें तो अभ्यासक्रम रचला त्यानें तो उद्यां चौकांत उभें राहून फुकट वाटला तर आम्ही त्यास हार घालूं. चोवीस पालकांनीं तो एकमेकांस वाटणें यास विद्यादान म्हणावयाचें असेल तर आमच्या भाषेंतील एक अत्यंत उपयुक्त म्हण रद्द करावी लागेल. ती आम्हीं लेखाच्या माथ्यावर घातलीच आहे.

यावर गृहस्थांनीं जें उत्तर दिलें तें मात्र सहज उडवून लावण्यासारखें नव्हतें. ते म्हणाले, "मग आपण एकमेकांना पुस्तकें देतों तें काय? तुमच्याकडचीं किती तरी पुस्तकें मीं फुकट वाचलीं आहेत." खरें आहे. मराठी मध्यमवर्गाचें अर्धें शिक्षण उसन्या पुस्तकांवर झालें आहे. प्रस्तुत मासिकाचीच गोष्ट घ्या. एका वर्गणीदाराचा अंक शेजारींपाजारीं किती घरें फिरून परत येतो याची कल्पना संपादकांना चांगली आहे, आणि प्रतिवर्षीं वर्गणीची विनंति छापतांना त्यांच्या लेखणीला जी धार येते तिचें मूळ तेथेंच असावें. तरीहि या देवघेवीला आम्ही चोरी म्हणणार नाहीं, कोणीहि शहाणा माणूस म्हणणार नाहीं. कां? आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथें आहे. पुस्तक दुसऱ्यास दिलें कीं तें आपल्या कपाटांतून जातें. तें परत येईपर्यंत तेवढी जागा रिकामी राहते. आपणांस तें हवें झालें तर थांबावें लागतें. आणि पुष्कळदां तें परत येतच नाहीं, हें आम्ही आमच्या कपाटाकडे पाहून सांगूं शकतों. उसनें देणारा स्वतः त्या वस्तूस मुकतो. प्रत एक, वाचणारा एका वेळीं एक. पासवर्ड देणारा कशास मुकतो? कशासहि नाहीं. त्याचा अभ्यासक्रम त्याच्याजवळ जसाच्या तसा राहतो, मुलाचा अभ्यास एक दिवसहि अडत नाहीं, आणि वर चोवीस घरांचे आशीर्वाद मिळतात. ज्या दानांत देणाऱ्याचें तसूभरहि कमी होत नाहीं त्या दानांत कोणाचें तरी दुसऱ्याचें कमी होत असलें पाहिजे. तें कोणाचें, एवढेंच पाहावयाचें उरतें.

हाच कस दुसऱ्या बाजूनेंहि लावण्यास आम्ही तयार आहों. एखाद्यानें आपला अभ्यासक्रम मित्राच्या मुलास पंधरा दिवस वापरावयास दिला आणि ते पंधरा दिवस स्वतः त्यास हात लावला नाहीं, तर विक्रेत्याच्या करारपत्रांत कांहींहि लिहिलेलें असो, आम्ही त्यास दोष देणार नाहीं. तें उसनें देणें झालें. एका घरांतील भाऊबहिणींनीं एकाच पासवर्डावर अभ्यास केला तर त्यांतहि आम्हांस पाप दिसत नाहीं; पाठ्यपुस्तकहि थोरल्याचें धाकट्याकडे येतेंच. पण चोवीस घरें म्हणजे एक घर नव्हे, मग त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप-मंडळाचें नांव 'आमचें कुटुंब' असें कां असेना.

आमच्यावर उलटविण्यात येणारें आणखी एक शस्त्र आहे, आणि तें आमच्याच भात्यांतलें आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज प्रभृति प्रकाशकांनीं २०१२ सालीं दावा लावला. प्राध्यापकांनीं नेमलेल्या उताऱ्यांच्या जुड्या करून तें दुकान विद्यार्थ्यांना विकत असे. २०१६ च्या सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति एंडलॉ यांनीं दुकानाच्या बाजूनें निकाल दिला, आणि २०१७ सालीं प्रकाशकांनीं दावाच मागें घेतला. त्या निकालाचा आम्हांस आनंद झाला होता आणि तो आम्हीं चारचौघांत बोलून दाखविला होता. "तेव्हां तुम्ही टाळ्या वाजविल्या, आतां कां कपाळाला आंठ्या?" असें आम्हांस विचारण्यांत येतें. उत्तर असें कीं, तेथें काढलेले उतारे होते, संपूर्ण पुस्तकें नव्हेत. ते शिक्षणक्रमाचा भाग म्हणून काढलेले होते, व अध्यापनासाठीं कायद्यानेंच तशी मुभा ठेविलेली आहे, असें न्यायालयास आढळलें. शिवाय एक गोष्ट कायद्याबाहेरची. ज्यांच्या पुस्तकांतून उतारे घेतले गेले त्यांपैकीं कित्येक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूनें उभे राहिले. त्यांना तसें राहणें परवडलें. कारण प्राध्यापकाला महिन्याच्या अखेरीस पगार मिळतो व पुस्तकाच्या मानधनांतून त्याचा चहाखर्चहि क्वचित् भागतो. आमचें स्वतःचें एक पुस्तक आहे. त्याचें मानधन आम्हांस आठवतें, कारण तें विसरण्याइतकें मोठें नव्हतें. बुद्धिबळाच्या धंदेवाईक खेळाडूस पगार नसतो. बक्षिसांवर सुखानें जगणारे खेळाडू जगांत मूठभर. बाकीचे ग्रँडमास्टर व इंटरनॅशनल मास्टर शिकवून आणि लिहून पोट भरतात. तो अभ्यासक्रम हाच त्यांचा पगार.

आणि आमचेहि हात अगदींच स्वच्छ आहेत असें नव्हे. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणारें 'इन्फॉर्मेटर' ही आमच्या कॉलेजच्या दिवसांतली अलिबाबाची गुहा होती. त्यांत शब्द जवळजवळ नसत. चिन्हांच्या एका सांकेतिक भाषेंत निवडक डावांवर टीपा असत, आणि ती भाषा रशियन, स्पॅनिश व कोल्हापुरी अशा तिन्ही माणसांना सारखीच कळे. एक प्रत कोठून तरी येई, आणि आम्ही पांचसहा मित्र आळीपाळीनें डाव वहींत उतरून घेत असूं. त्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. हातानें उतरलेला डाव हा निम्मा शिकलेला डाव असतो. परंतु पुढें झेरॉक्स स्वस्त झाल्यावर आम्हीं एक संपूर्ण खंडच्या खंड काढून आणला, तो बांधून घेतला, आणि नंतर त्यांतले वीस डावहि पाहिले नाहींत. त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. तरुण होतों, पैसे नव्हते, हीं कारणें आहेत. कारण म्हणजे समर्थन नव्हे.

आतां विक्रेत्यांकडे वळूं. केवळ ग्राहकासच फैलावर घेऊन थांबलों तर तो अन्याय होईल. पुस्तक विकत घेतलें कीं तें आपलें. तें द्यावें, विकावें, मुलास ठेवावें. हा हक्क कोणी उदार होऊन दिलेला नाहीं, तो भांडून राखलेला आहे. अमेरिकेंतील एका प्रकाशकानें 'द कास्टवे' या कादंबरीच्या पानावर अशी सूचना छापली कीं, हें पुस्तक एका डॉलरहून कमी किमतीस विकणें हा ग्रंथस्वामित्वाचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानानें तें एकूणनव्वद सेंटांस विकलें, आणि १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रकाशकाची सूचना निरर्थक ठरविली: एकदां प्रत विकलीत कीं तिच्यावरील तुमची सत्ता संपली. जें त्या प्रकाशकास साधलें नाहीं तें आजच्या विक्रेत्यांनीं मुकाट्यानें साधलें आहे. 'विकत घ्या' अशा बटणावर आपण बोट ठेवतों, पैसे जातात, आणि हातीं येते ती पाहण्याची परवानगी. ती उसनी देतां येत नाहीं, जुन्या बाजारांत विकतां येत नाहीं. बहुतेक ठिकाणीं ती मृत्युपत्रांतहि लिहितां येणार नाहीं. पुस्तकाचें दुकान बंद पडलें म्हणून घरांतलें पुस्तक नाहींसें होत नाहीं. चेसट्वेंटीफोर हें गाजलेलें संकेतस्थळ २०२४ च्या आरंभीं बंद झालें, त्या वेळीं अशा परवानग्या किती तकलादू असतात याचा विचार अनेकांच्या मनांत आला असेल. ज्या व्यवहारास प्रामाणिकपणें भाडें म्हणावयास हवें त्यास विक्री म्हणणें ही देखील एक लबाडीच आहे. आणि उसनें देण्याची प्रामाणिक वाट बुजवून टाकल्यावर लोक कुंपणावरून उड्या मारूं लागले, तर त्यांत वाट बुजविणाऱ्याचा कांहींच भाग नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. दूरदर्शी करमणुकीचा धंदा करणाऱ्या नेटफ्लिक्सनें तर २०१७ सालीं पासवर्ड वाटणें म्हणजे प्रेम, अशा अर्थाचा विनोद स्वतःच केला होता, आणि २०२३ सालीं, गिऱ्हाइकांना चटक लागल्यावर, त्याच प्रेमावर बंदी घातली!

बुद्धिबळाच्या बाजारांत याहून बोधक प्रकार घडला आहे. स्टॉकफिश फुकट आहे असें आम्हीं वर म्हटलें. पण तो बिनशर्त नाहीं. त्याच्या कर्त्यांची अट पैशाची नाहीं. कोणीहि घ्यावें, विकावें सुद्धां, परंतु मूळ कोणाचें तें सांगावें आणि त्यांत केलेले फेरफार पुढच्यास खुले ठेवावे, अशी ती अट आहे. हॅम्बुर्गच्या चेसबेस या कंपनीनें विकलेल्या कांहीं कार्यक्रमांत स्टॉकफिशचा भाग असून ही अट पाळलेली नाहीं, असा आरोप करून त्याच्या कर्त्यांनीं २०२१ च्या जुलैंत म्युनिक येथें दावा लावला. २०२२ च्या नोव्हेंबरांत तो तडजोडीनें मिटला. कंपनीनें आपल्या वस्तूंतून स्टॉकफिश कांहीं काळ काढून घेण्याचें आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक अधिकारी नेमण्याचें मान्य केलें. स्वतःच्या मालास कुलपें लावणाऱ्या कंपनीवर असा प्रसंग यावा याचा कित्येकांना हर्ष झाला. आमच्या गृहस्थांनाहि झाला होता. 'चोरावर मोर' असें म्हणून त्यांनीं ही हकीकत आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढें केली. आम्हांस ती नेमकी उलट बाजूचा पुरावा वाटते. फुकट देणाऱ्याची अट मोडली म्हणून ज्यांना राग येतो त्यांना पैसे घेणाऱ्याची अट मोडतांना तो कां येऊं नये? मेहनत ज्याची त्यानें ती कशी द्यावी हें ठरवावें, हें तत्त्व स्टॉकफिशच्या बाजूनें बोललें तर शोभतें आणि ग्रँडमास्टरच्या बाजूनें बोललें कीं शोभत नाहीं, असें कसें?

कायद्याची गोष्ट आम्हीं मुद्दाम मागें ठेवली. आपल्या १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत २०१२ सालीं पासष्ट-अ हें कलम घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें असें तांत्रिक कुलूप चुकविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. कुलूप फोडणें आणि किल्लीच्या चोवीस प्रती वाटणें यांत कायद्याच्या दृष्टीनें काय भेद आहे तो वकिलांनीं सांगावा. कोणी पोलीस आमच्या गृहस्थांच्या दारांत येणार नाहीं, आणि येऊं नये अशीच आमची इच्छा आहे. ज्या गोष्टीबद्दल पकडले जाण्याचें भय नाहीं त्या गोष्टींतच माणसाचा कस लागतो.

राहतां राहिला गरीब विद्यार्थी. तो प्रत्येक वादांत शेवटीं येतो, आणि त्याला पुढें करणारे बहुधा गरीब नसतात. परदेशी चलनांतल्या किमती आपल्याकडील पुष्कळांना परवडत नाहींत हें आम्हांस मान्य आहे. देशपरत्वें किंमत ठेवण्याइतकी व्यवहारबुद्धि या विक्रेत्यांनीं दाखविली तर त्यांचाच गल्ला भरेल. एखाद्या शेतमजुराच्या मुलानें कोणाच्या पासवर्डावर अभ्यास केला, तर आम्ही डोळे मिटून घेऊं आणि उघडल्यावर त्याच्याशीं एक डाव खेळूं. पण तो मुलगा त्या व्हॉट्सअ‍ॅप-मंडळांत नाहीं! मंडळांत जे चोवीस आहेत त्यांतील प्रत्येकजण शिकवणीची दरमहा फी भरतो, स्पर्धेसाठीं मुलास विमानानें नेतो, हॉटेलांत उतरतो, आणि या सर्व खर्चाचा हिशेब अभिमानानें सांगतो. विमान-कंपनीस कोणी म्हणत नाहीं कीं आम्ही चोवीसजण एका तिकिटावर बसूं. कपात करावयाची वेळ आली कीं ती नेमकी त्या माणसाच्या पैशांत होते ज्याच्या विद्येवर मुलगा मोठा व्हावयाचा आहे. विद्येला सर्वश्रेष्ठ धन म्हणावयाचें आणि घरखर्चाच्या वहींत तिच्यापुढें शून्य मांडावयाचें, ही आमच्या वर्गाची जुनी खोड आहे. मराठी लेखकांना ती नवी नाहीं.

त्या संध्याकाळीं हा सर्व वाद मुलगा पलीकडच्या खोलींतून ऐकत होता. या मुलांना शिकवणीच्या पहिल्याच दिवशीं सांगतात कीं, हात लागलेलें मोहरें हलविलेंच पाहिजे. पाहणारा कोणी नसला तरी. घरीं बसून ऑनलाईन डाव खेळतांना यंत्राची मदत घेणाऱ्या मुलास वर्गांतून काढून टाकतात, आणि तसें काढलें तेव्हां हेच चोवीस पालक एकमुखानें 'योग्य झालें' म्हणाले होते. आम्ही निघण्याच्या वेळीं मुलगा दाराशीं आला व म्हणाला, "काका, मग मी तो कोर्स बघूं नको का?" वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्याला सांगितलें, "हें बाबांना विचार." अशा प्रसंगीं शिक्षकांत जें धैर्य असावें असें लोक समजतात तें आमच्यांत त्या क्षणीं नव्हतें, हें नमूद करून ठेवतों.

पण पुढच्या आठवड्यांत आमच्या गांवच्या बुद्धिबळ-मंडळाच्या सभेंत आम्हीं एक ठराव मांडला, आणि किरकोळ कुरकुरीनंतर तो संमत झाला. सुरुवातींवरील कांहीं चांगलीं छापील पुस्तकें मंडळानें विकत घेतलीं, प्रत्येकाच्या दोन दोन प्रती. अनामत दोनशें रुपये, मुदत पंधरा दिवस. गृहस्थांनीं न मागतां पांच हजारांची देणगी दिली. त्यांच्याविषयीं आमचें मत आम्हीं आरंभींच सांगितलें आहे. बर्लिन बचावावरील एक प्रत सध्यां त्यांच्या मुलाकडे आहे. तिची मुदत गेल्या मंगळवारींच संपली, आणि यादींत पुढचा क्रमांक असलेली एक नऊ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळीं मंडळांत येऊन, तें पुस्तक आलें का, अशी चौकशी करून जाते.